घरचे सोने, वडिलांचे घर आणि धंद्याचे भांडवल : कागद कसे करावेत?

ताणाबाणा (धागाकर्ता)

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात आमचा टेरी टॉवेलचा लहान कारखाना आहे. वडिलांनी सोळा यंत्रमागांवर सुरू केलेला हा धंदा त्यांच्या पश्चात मी आणि धाकटा भाऊ मिळून चालवतो. जुन्या मागांवर आता खर्च भागून हाती काही उरत नाही, म्हणून चार रॅपियर माग (धोट्याशिवाय चालणारे नव्या पद्धतीचे माग) घ्यायचा विचार आहे आणि त्यासाठी साधारण तीस लाख रुपये उभे करायचे आहेत. पैसे कोठून आणायचे हा प्रश्न घेऊन बसलो तेव्हा लक्षात आले की प्रत्येक वाट घरातल्या कोणत्या ना कोणत्या अडचणीवर जाऊन थांबते, म्हणून सगळे एकत्रच लिहितो.

साखर पेठेतले राहते घर वडिलांच्या नावावर आहे. त्यांना जाऊन तीन वर्षे झाली, मृत्युपत्र नाही, आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून त्यांचेच नाव आहे. आई आमच्याजवळ असते आणि बहीण बार्शीला दिलेली आहे. घर तारण ठेवायचे तर बहिणीचे हक्कसोडपत्र (आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) आणा, असे बँकेत सांगितले गेले.

कारखान्याची जीएसटी नोंदणी माझ्या एकट्याच्या नावावर आहे. भाऊ सकाळपासून रात्रीपर्यंत मागावर असतो, पण कागदावर तो कोठेच नाही. दर आठवड्याला कामगारांचा पगार वाटून झाला की गल्ल्यातून दोघेही घरखर्चाचे पैसे उचलतो आणि वहीत ‘घर’ एवढेच लिहितो.

तिसरी गोष्ट लिहिताना मन जड होते. टाळेबंदीत माल अडकून पडला तेव्हा भावाच्या पत्नीचे सुमारे अठरा तोळे सोने मोडून आम्ही कामगारांचे पगार आणि सायझिंगची (सुताला खळ लावून देण्याची) उधारी भागवली. तिने ते स्वतः आणून दिले होते. ‘वर्षभरात करून देऊ’ असे मी आईसमोर म्हणालो होतो आणि ते झाले नाही. त्यावरून सुरू झालेली धुसफूस भांडणापर्यंत गेली आणि गेले चार महिने ती मुलीला घेऊन माहेरी आहे. आता तिच्या वडिलांनी वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे. भाऊ म्हणतो, हा आमच्या नवरा-बायकोचा प्रश्न आहे, तू धंद्याचे बघ. मला मात्र हे दोन प्रश्न वेगळे आहेत असे वाटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सातरस्ता_वकील

आपण सर्व एकत्र लिहिलेत हे योग्य केलेत, कारण माझ्या कामात येणारी निम्मी तरी प्रकरणे अशीच असतात : घरातला पैसा कागदाविना धंद्यात जातो, धंदा अडचणीत आला की घर भांडते, आणि घर भांडले की बँक हात आखडता घेते. नोटीस प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तिचे उत्तर कसे द्यावे हे येथे सांगणे बरोबर होणार नाही. मात्र कायदा काय म्हणतो ते सांगतो.

आधी घर. वडिलांनी ते स्वतःच्या कमाईतून घेतले असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, आपण दोघे भाऊ आणि बहीण या चौघांचा त्यात प्रत्येकी एक चतुर्थांश हिस्सा आहे. मुलींना हक्क २००५ नंतरच मिळाला असा गैरसमज आपल्याकडे फार आहे. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतल्या जन्मसिद्ध हक्काविषयी होती, आणि ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात नसले तरी मुलीला तो हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात मुलगी १९५६ पासूनच मुलाइतकी वारस आहे. म्हणजे बँक आपल्या बहिणीची जी सही मागते आहे तो केवळ एक सोपस्कार नव्हे. चौथ्या हिश्श्याची मालकीण आपला हिस्सा सोडते आहे, एवढे त्या सहीचे वजन आहे. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच असावे लागते. साध्या कागदावर किंवा केवळ नोटरीसमोर केलेल्या कागदाने हिस्सा सुटत नाही.

आता सोने, आणि येथे आपल्या भावाचे म्हणणे चुकीचे आहे. लग्नात व लग्नानंतर स्त्रीला मिळालेले दागिने हे तिचे स्त्रीधन असते आणि त्यावर तिचीच पूर्ण मालकी असते, हे प्रतिभा राणी प्रकरणात १९८५ सालीच ठरले आहे. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माया गोपीनाथन प्रकरणात पुन्हा सांगितले की अडचणीच्या काळात पतीने पत्नीचे स्त्रीधन वापरले, तरी ते किंवा त्याची किंमत परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते. त्या प्रकरणात सोन्यापोटी पंचवीस लाख रुपये देण्याचा आदेश झाला. तिने स्वतः आणून दिले म्हणून ते आपले झाले, असा अर्थ होत नाही.

शिवाय २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात मारहाण जशी येते तसा आर्थिक छळही येतो, आणि स्त्रीधन अडवून ठेवणे हा त्याचाच प्रकार आहे. एका छताखाली राहिलेल्या सासरच्या इतर माणसांविरुद्धही त्यात दाद मागता येते. सोने कारखान्यात गेले आहे आणि शब्द आपण दिला होता, तेव्हा आपले नाव त्यात येऊ शकते. दंडाधिकाऱ्यांना त्याच कायद्याखाली राहते घर विकण्यास वा बोजा चढवण्यास मनाई करण्याचाही अधिकार आहे. तिने अर्ज केला आणि असा आदेश झाला, तर बहिणीची सही हातात असूनही घर तारण ठेवता येणार नाही. हे दोन प्रश्न वेगळे नाहीत ही आपली शंका म्हणूनच खरी आहे.

होटगीरोडकर

वकीलसाहेबांविषयी आदर राखून लिहितो. प्रत्येक गोष्टीला कागद करायला लागलो तर घर आणि कोर्ट यांत फरक तो काय राहिला? आमच्या वडिलांच्या पिढीने वहीत दोन ओळी लिहून संसार आणि धंदे केले. बहिणीला लग्नात भरपूर दिलेले असते, दिवाळी-पंचमीला आपण बोलावतो, आहेर करतो. तिने सही द्यावी यात मला वावगे दिसत नाही. सही मागितली म्हणून नाते तुटत नाही, हिस्सा मागितला की तुटते.

बार्शीवेस

होटगीरोडकर दादा, मी अशी सही दिलेली बहीण आहे, म्हणून उत्तर देते. रक्षाबंधनाला माहेरी गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ म्हणाला, चल, जरा निबंधक कार्यालयात जाऊन येऊ, बँकेचे काम आहे. कागद सोळा पानांचा होता. मी वाचू लागले तर वहिनी म्हणाली, भावावर विश्वास नाही का? फोटो काढला, अंगठा घेतला, येताना रसपान झाले. सहा वर्षांनी यजमानांचे आजारपण निघाले आणि मी भावाकडे एक लाख रुपये उसने मागितले, तेव्हा मला कळले की त्या दिवशी मी बँकेचे काम केले नव्हते, माझा हिस्सा सोडला होता. भाऊ वाईट नाही. त्याने पैसेही दिले. पण ‘दिले’ आणि ‘माझे होते’ यातला फरक मला आजही रात्री जागे ठेवतो. मला आधी समजावून सांगितले असते तर मी कदाचित आनंदाने सही केली असती. ताणाबाणा दादा, बहिणीला बार्शीला जाऊन भेटा, कागदाचा मसुदा तिच्याकडे आठ दिवस राहू द्या, आणि ती नाही म्हणाली तर तिच्या नाही म्हणण्याचा मान ठेवा.

सातरस्ता_वकील

ताई, आपण लिहिलेत ते कोणत्याही निकालपत्रापेक्षा स्पष्ट आहे. होटगीरोडकरांसाठी एवढेच जोडतो की लग्नातला खर्च आणि आहेर हा कायद्याने हिश्श्याचा मोबदला होत नाही. आणि फसवून किंवा दडपण आणून घेतलेले हक्कसोडपत्र न्यायालयात आव्हान देऊन रद्द करून घेता येते. त्यामुळे बँकेसाठीही तो कागद पुढे अडचणीचाच ठरतो.

हिशेबनीस

मी कर सल्ल्याचे काम करतो, म्हणून वहीच्या बाजूने लिहितो.

आपल्या वहीतला ‘घर’ हा एक शब्द फार महाग पडू शकतो. कारखान्यात आलेला घरचा पैसा तीनपैकी एका नात्याने आलेला असतो : देणारा मालक किंवा भागीदार असेल तर भांडवल, परत घ्यायचा असेल तर कर्ज, आणि परत घ्यायचाच नसेल तर बक्षीस. ज्या दिवशी पैसा आला त्याच दिवशी हे ठरवून वहीत त्या व्यक्तीच्या नावाचे खाते उघडावे. भांडण झाल्यावर प्रत्येक जण आपापल्या सोयीने त्याचे नाव बदलतो. देणारा म्हणतो कर्ज होते, घेणारा म्हणतो बक्षीस होते, आणि न्यायालयात दोघांकडेही पुरावा नसतो.

दुसरे म्हणजे, २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेण्यास आणि रोखीने परत करण्यास आयकर कायद्याने मनाई आहे आणि दंड त्या रकमेइतकाच होऊ शकतो. सख्ख्या नातेवाइकाकडून घेतले म्हणून ही मनाई आपोआप उठत नाही. मेहुण्याने गड्डा यात्रेच्या वेळी दीड लाख पिशवीत घालून आणून दिले, अशा नोंदी मी पाहिलेल्या आहेत. त्याने चांगल्या मनानेच दिले होते, पण नोंद चुकीचीच ठरते. बँकेतून बँकेत पाठवणे हाच साधा मार्ग आहे.

हातउसन्या पैशाची मुदतही लक्षात ठेवावी. कर्ज वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांत करावा लागतो. मुदत संपण्यापूर्वी कर्जदाराने ‘एवढे देणे आहे’ असे लिहून सही करून दिले, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने सुरू होते. वहिनींच्या बाबतीत हे प्रश्न स्त्रीधनाच्या वेगळ्या नियमांनी सुटतील, ते वकीलसाहेब सांगतील. पण मित्रांकडून, मेहुण्याकडून घेतलेल्या पैशाला हाच नियम आहे आणि देणाऱ्याने तो जाणावा, घेणाऱ्यानेही पाळावा.

पासबुक

चौतीस वर्षे बँकेत काढून निवृत्त झालो. ताणाबाणा, आपण पहिल्याच पावलाला घर तारण ठेवायला निघालात याचे मला वाईट वाटते. लहान उद्योगासाठी तारणाविना मिळणारी कर्जे आहेत, पण बँकेत कोणी आपणहून सांगत नाही आणि उद्योजक विचारत नाही.

२०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत शिशु ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि तरुणचे कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत कर्ज मिळते. त्याहून मोठ्या रकमेसाठी सूक्ष्म व लघु उद्योगांची पतहमी योजना आहे. तिच्यात हमी सरकारपुरस्कृत न्यास बँकेला देतो, आपण त्यासाठी शुल्क भरता, आणि नवे माग हेच बँकेकडे नजरगहाण राहतात, म्हणजे ताबा आपल्याकडेच राहून ते तारण असतात. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातले अनुदान मुख्यतः नव्या उद्योगासाठी आहे, तेव्हा चालू कारखान्याने त्यावर गणित बांधू नये. आणि यंत्रमागासाठीचे ‘टफ’ या तंत्रज्ञान उन्नयन निधी योजनेचे अनुदान मिळवून देतो म्हणून कोणी आगाऊ पैसे मागत असेल तर देऊ नयेत, कारण ती योजना ३१ मार्च २०२२ रोजी संपली आहे. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन आज काय चालू आहे ते समक्ष विचारावे.

घर तारण ठेवले आणि हप्ते थकले तर काय होते तेही सांगतो, कारण सही करताना ते कोणी वाचत नाही. कर्ज थकीत ठरले की २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक साठ दिवसांची नोटीस देते आणि त्यानंतर न्यायालयात दावा न करताही ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. नोटिशीला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला तिचे पंधरा दिवसांत उत्तर द्यावे लागते. पुढे ताबा घेतला तर पंचेचाळीस दिवसांत ऋण वसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. बहुतेक लोक ती पहिली नोटीस देव्हाऱ्यामागे ठेवून देतात. ती हातात पडल्याच्या आठवड्यात बँकेत येऊन बसलेल्या माणसाला मी बहुतेक वेळा काहीतरी वाट काढून देऊ शकलो. ताब्याच्या दिवशी आलेल्याला नाही.

सुईदोरा

मी शाळेच्या गणवेशांचे शिवणकाम करते, सध्या माझ्याकडे नऊ मशीन आहेत. पासबुक काकांनी लिहिलेली ती साठ दिवसांची नोटीस माझ्या दाराला चिकटवलेली मी पाहिली आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

कर्ज यजमानांच्या दुकानासाठी होते. मला बँकेत नेले, एक फॉर्म पुढे सरकवला आणि ‘येथे, येथे आणि येथे’ असे बोटाने दाखवले. मी तीन सह्या केल्या. मी जामीनदार झाले आहे हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही, हा माझा दोष आहे. पुढे यजमान आम्हाला सोडून दुसऱ्या गावी गेले. बँकेला ते सापडत नव्हते, मी सापडत होते. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि बँक आधी कर्जदाराकडे जायला बांधील नाही, हे मला जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात एका वकील ताईंनी समजावून सांगितले. तेथे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मला १५१०० या क्रमांकावर फोन केल्यावर हे कळले. त्या ताईंनीच माझा कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज केला. संरक्षण अधिकाऱ्यांनी घरी येऊन माझे सगळे लिहून घेतले. मुलांच्या फीपासून माझ्या मोडलेल्या पाटल्यांपर्यंत सगळे त्या अहवालात आले. माझ्यावर हात कधीच उगारला गेला नव्हता, म्हणून हा कायदा माझ्यासाठी नाही असे मी दोन वर्षे समजत होते.

ताणाबाणा दादा, आपल्या धाकट्या वहिनी माहेरी बसून काय विचार करत असतील ते मी सांगू शकते. सोन्यापेक्षा जास्त लागते ते हे, की नंतर कोणी त्याचा विषयही काढत नाही. आपण नोटिशीच्या उत्तरात काय लिहाल ते वकील ठरवतील. पण सोने घेतले होते हे नाकारू नका.

सातरस्ता_वकील

सुईदोरा ताईंच्या शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. खोटे नाकारणे हे वाईट तर आहेच, शिवाय उलटतपासणीत ते टिकत नाही. सराफाकडे सोने मोडल्याची पावती असते, त्याच आठवड्यात पगार वाटल्याची वही असते, आणि आई साक्षीदार आहे.

भावासाठीही एक गोष्ट सांगतो. ‘माझ्या नावावर उत्पन्नच नाही, कोर्ट पोटगी लावणार कशी’ असे तो म्हणत असेल, तर ती समजूत आजच काढून टाका. नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू होते. कागदावर पगार नसला तरी राहणीमान आणि धंद्यातला प्रत्यक्ष सहभाग पाहिला जातो. तेव्हा आपली वही आणि आपण स्वतः दोघेही साक्षीला येऊ शकता.

आता धंद्याचे स्वरूप. जीएसटी आपल्या एकट्याच्या नावावर असली तरी दोघे मिळून चालवता आणि नफा वाटून घेता, तर वागणुकीवरूनही भागीदारी सिद्ध होऊ शकते. करार नसेल तर १९३२ चा भागीदारी कायदा नफा समान धरतो, आणि भागीदाराने भांडवलाच्या वर दिलेल्या रकमेवर सहा टक्के व्याज धरतो. एक भागीदार बाहेर पडला आणि हिशेब न करता दुसऱ्याने धंदा चालू ठेवला, तर बाहेर पडलेल्याला त्याच्या पैशाच्या वापरातून झालेला नफा किंवा सहा टक्के व्याज यांतले हवे ते मागता येते. भागीदारी नोंदवलेली नसेल तर मात्र करारातून निघणाऱ्या हक्कासाठी बाहेरच्या व्यापाऱ्यावर पेढीला दावा लावता येत नाही, आणि आपल्या धंद्यात उधारी किती असते हे मी सांगायला नको. महाराष्ट्राने १९८४ मध्ये याहून कडक तरतूद करून नोंदणी नसलेल्या पेढीच्या भागीदाराला विसर्जनाचा व हिशेबाचा दावाही बंद केला होता. सर्वोच्च न्यायालयाने ती २००९ मध्ये घटनाबाह्य ठरवली. म्हणजे भावाभावांत हिशेब मागता येईल, पण खरेदीदाराकडून पैसे मागता येणार नाहीत. चार ओळींच्या कराराचा आणि नोंदणीचा खर्च त्यापुढे काहीच नाही. स्टँपचा कागद घेताना ऑक्टोबर २०२४ पासून शंभरऐवजी पाचशे रुपयांचा लागतो, हेही लक्षात ठेवा.

करारात एक कलम आवर्जून घाला : भागीदारांच्या पत्नीकडून, आईकडून वा बहिणीकडून आलेला पैसा कर्ज म्हणून नोंदवला जाईल आणि भागीदार बदलला तरी पेढी तो देणे लागेल.

जॉबर

मी तीस वर्षे मागांची दुरुस्ती करत कारखान्या-कारखान्यांत फिरतो. बँकेने लांबवले की लोक जेथे जातात त्या वाटेबद्दल थोडे लिहितो. महिना तीन टक्क्यांनी मिळणारा पैसा दुपारी मागितला की संध्याकाळी मिळतो. त्याच्या बदल्यात कोरे सही केलेले धनादेश आणि घराचे खरेदीखत लिहून घेतात. ‘पैसे दिले की उलट खरेदीखत करून देऊ’ असे तोंडी सांगतात. माझ्या ओळखीच्या एका मालकाचे माग असेच भंगारात गेले आणि घरावर दुसऱ्याची पाटी लागली. याला काही इलाज आहे का?

सातरस्ता_वकील

इलाज आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवान्याविना सावकारीचा धंदा करणे हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करावी. खरेदीखताच्या आडून प्रत्यक्षात तारण घेतले आहे असे चौकशीत आढळले, तर ते मिळकत परत देण्याचा आदेश करू शकतात. त्याला कायद्याने कालमर्यादा घातलेली आहे, म्हणून उशीर करू नये.

कोऱ्या धनादेशाबाबत मात्र कायदा सही करणाऱ्याला फारसे संरक्षण देत नाही. रक्कम दुसऱ्याने भरली तरी सही खरी असेल तर तो देण्यापोटीच दिला असे गृहीत धरले जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आहे. ते खोडून काढण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. धनादेश परत गेल्यावर तीस दिवसांत नोटीस येते आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात. या पंधरा दिवसांत गप्प बसू नये.

आणखी एक धोका. बँक नाही, सावकारही नको, म्हणून ओळखीच्या वीस-पंचवीस जणांकडून दरमहा परतावा देण्याच्या बोलीवर पैसे गोळा केले जातात. नातेवाइकांकडून कर्ज घेणे वेगळे आणि लोकांकडून ठेवी गोळा करणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा आणि राज्याचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा लागू शकतो, आणि त्यात हेतू चांगला होता एवढ्याने सुटका होत नाही.

हिशेबनीस

कर्जाच्या आधी आणखी एक प्रश्न विचारतो : आपले येणे किती आहे? लघु उद्योगाने पुरवलेल्या मालाचे पैसे लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावे लागतात. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी विनाशुल्क आहे आणि नोंदणीनंतर पुरवलेल्या मालासाठी हा आधार भक्कम असतो. जुने गिऱ्हाईक तुटेल या भीतीने कोणी तक्रार करत नाही हे मला माहीत आहे, पण निदान बिलावर उद्यम क्रमांक आणि मुदत छापावी. एवढ्यानेही काही खरेदीदार वेळेवर देऊ लागतात.

ताणाबाणा (धागाकर्ता)

सर्वांचा ऋणी आहे. दोन महिन्यांनी लिहितो आहे.

येणे मोजले तेव्हा साडेसात लाख निघाले. त्यातले चार लाख बिलावर मुदत छापून आणि समक्ष जाऊन वसूल झाले. चारऐवजी दोनच माग घ्यायचे ठरवले. बँकेने पतहमी योजनेत मागांच्या नजरगहाणावर कर्ज मंजूर केले आहे. बहिणीला बार्शीला जाऊन भेटलो. मसुदा ठेवून आलो होतो. तिने आठ दिवसांनी फोन करून सांगितले की ती हिस्सा सोडणार नाही, पण आई आहे तोवर वाटपही मागणार नाही. घर कर्जातून बाहेर ठेवल्यामुळे मला त्यावर काही बोलावे लागले नाही, आणि खरे सांगतो, मला हलके वाटले. उताऱ्यावर आता चौघांची नावे लावण्याचा अर्ज दिला आहे.

भाऊ आधी ऐकायला तयार नव्हता. सुईदोरा ताईंचा प्रतिसाद मी त्याला वाचून दाखवला. पूर्ण वाचून होईपर्यंत तो काही बोलला नाही. भागीदारीचा करार झाला, नोंदणीला दिला आहे. त्यानंतर आई, मी आणि भाऊ तिघे वहिनीच्या माहेरी गेलो. तिच्या वकिलांसमोर पेढीच्या नावाने देणे मान्य केले असून पहिल्या वर्षी सहा तोळे आणि पुढील दोन वर्षांत उरलेले असे ठरते आहे. ती परत येईल की नाही हे तिने सांगितलेले नाही, आणि या बोलण्याला आम्ही तशी अट घातलेली नाही.

एक अडचण राहिली आहे. पाटल्या, बांगड्या आणि राणीहार यांच्या मोडीच्या पावत्या सापडल्या. तिच्या आजीने दिलेली मोहनमाळ मात्र सराफाने बाकीच्या किरकोळ सोन्यात धरली होती आणि तिचे वेगळे वजन कोठेच नाही. वहिनी म्हणते साडेतीन तोळे, भाऊ म्हणतो अडीच. मसुद्यात काय लिहावे?

सातरस्ता_वकील

लग्नातला फोटो असेल तर सराफाला दाखवून अंदाज घेता येतो, आणि आजीने ती जेथे करून घेतली त्या पेढीकडे जुनी वही असू शकते. दोन्ही मिळाले नाही तर वस्तू जिची होती तिच्या सांगण्याला अधिक वजन द्यावे असे माझे मत आहे, कारण ती रोज गळ्यात घालणाऱ्या माणसाला तिचे वजन ठाऊक असते. मसुद्यात साडेतीन तोळे लिहा. रुपयांत आकडा टाकू नका. ‘तितक्याच वजनाचे व शुद्धतेचे सोने, किंवा परतीच्या दिवसाच्या भावाने त्याची किंमत’ असे शब्द घाला, म्हणजे भाव वाढला तरी पुन्हा बसावे लागणार नाही.

ताणाबाणा (धागाकर्ता)

साडेतीन लिहिले. भावाने सही केली.